गुग्गुळ माझ्याच बरणीतला

साताऱ्यात आमचं काष्ठौषधींचं दुकान आहे. आजोबांनी सुरू केलं, वडिलांनी वाढवलं, मी सांभाळतोय. भिंतीला लाकडी खण, खणांत डबे आणि बरण्या: अर्जुनसाल, हिरडा, बेहडा, आवळकाठी, ज्येष्ठमध, नागरमोथा, गुळवेल, शतावरी. हे सगळं आधी सांगतोय, कारण पुढची गोष्ट ऐकून लोक म्हणतात, "तुम्हीच असं बोलायला लागलात तर आम्ही काय करायचं?"

गेल्या वर्षी फेब्रुवारीत व्यापारी मंडळींनी आरोग्य तपासणीचं शिबिर घेतलं. वर्गणी दिलीच होती म्हणून मीही उपाशीपोटी जाऊन हात पुढे केला. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. एकूण कोलेस्टेरॉल २६८, चांगलं म्हणतात ते एचडीएल ३९, रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड २२५ आणि ज्याला लोक वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते एलडीएल १८४. वय ५२. बीपी ठीक, साखर ठीक, तंबाखू नाही. पोट मात्र गल्ल्याला टेकतं.

रिपोर्ट हातात असतानाच एक गिऱ्हाईक आलं. "शेठ, कोलेस्टेरॉल वाढलंय, अर्जुनसाल द्या पावशेर." मी रिपोर्ट घडी करून खिशात घातला आणि साल तोलायला घेतली. कधी घ्यायची, काढा कसा करायचा, किती आटवायचा, सगळं नेहमीच्या ठसक्यात सांगितलं. तो गेल्यावर मात्र पाच मिनिटं मी तसाच बसून होतो.

आमचे डॉक्टर वयाने माझ्यापेक्षा लहान. त्यांच्या आईला सुंठ-पिंपळी माझ्याकडूनच जाते. त्यांनी आठ दिवसांनी पुन्हा रक्त द्यायला लावलं, कारण एका आकड्यावर ते निर्णय घेत नाहीत. दुसऱ्यांदा एलडीएल १७९ आलं. थायरॉइडही तपासलं. ते मंद असलं तरी कोलेस्टेरॉल चढतं, हे मला तेव्हा कळलं. ते ठीक निघालं, यकृताचे आकडेही ठीक.

"काका, गोळी सुरू करू या."

मी म्हटलं, "डॉक्टर, माझ्या दुकानात चाळीस वनस्पती आहेत आणि मी गोळी खाऊ?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "एलडीएल १९०च्या वर असतं, किंवा साखर असती, किंवा आधी काही झालेलं असतं, तर एक दिवसही दिला नसता. तीन महिने देतो. पण एका वेळी एकच गोष्ट करायची, रक्त त्याच लॅबमध्ये द्यायचं आणि माझ्यापासून लपवून काही खायचं नाही." वडील ६३व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, हे मी सांगितल्यावर कपाळाला आठी पडली त्यांच्या, पण शब्द मागे घेतला नाही.

त्या तीन महिन्यांचे पुढे दहा झाले. त्यात चूक माझी.

गुग्गुळ

पहिला मान गुग्गुळालाच. मेद आणि गुग्गुळ ही जोडी आमच्या धंद्यात इतकी पक्की की पोट सुटलेला माणूस पायरी चढताना दिसला तर हात आपोआप त्या बरणीकडे जातो.

गुग्गुळ हा एका काटेरी झुडपाचा डिंक. कच्छ आणि राजस्थानच्या कोरड्या मुलखात होतो. खोडाला चीर देतात, त्यातून पाझरतो, सुकला की खरवडून काढतात. जास्त पाझरावा म्हणून खोल चिरा दिल्या की झुडूप मरतं. असं इतकं मेलंय की जगाच्या लाल यादीत ते अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलं गेलं आहे. आम्हाला ते भावावरून आणि भेसळीवरून आधीच कळत होतं. पोत्यात वाळू, सालीचे तुकडे आणि दुसरेच डिंक निघतात. कच्चा तर खायचाच नसतो. फडक्यात पुरचुंडी बांधून त्रिफळ्याच्या काढ्यात लोंबकळत ठेवून शिजवायचा, गाळायचा, सुकवायचा. वडील हे काम स्वतः करायचे, त्या दिवशी घरभर वास असायचा आणि आई देवघराचं दार लावून घ्यायची.

मी जाणूनबुजून चांगला माल निवडला, शोधन केलं, गोळ्या वळल्या. दिवसातून तीनदा, कोमट पाण्यासोबत, दोन महिने. खाणंपिणं काहीही बदललं नाही, कारण डॉक्टरांची अटच ती होती. खरं सांगायचं तर ती अट मला फार सोयीची वाटली.

पाचव्या आठवड्यात दोन्ही दंडांवर पुरळ उठलं. उन्हाळ्यावर ढकललं. एप्रिलअखेर रक्त दिलं: एलडीएल १८८.

माझी लेक पुण्यात बी. फार्म. करते. तिला फोन केला, आवाजात लॅबवरचा राग होता. ती म्हणाली, "बाबा, लॅबला कशाला बोलताय? अमेरिकेत हेच झालंय." मग तिने सांगितलं की २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियात १०३ माणसांवर गुग्गुळाच्या अर्काची चाचणी झाली होती. आठ आठवडे. काहींना अर्क, काहींना तशीच दिसणारी रिकामी गोळी. रिकाम्या गोळीवाल्यांचं एलडीएल थोडं उतरलं आणि गुग्गुळवाल्यांचं चार-पाच टक्के चढलं. काहींच्या अंगावर पुरळही उठलं.

मी बाही वर करून दंडाकडे पाहिलं.

पण तिने दुसरी बाजूही सांगितली आणि ती मला जास्त लागली. गुग्गुळाला कोलेस्टेरॉलशी जोडलं ते आपल्याच माणसांनी. काशी हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती नावाच्या संशोधक बाईंनी सुश्रुतसंहितेतलं मेदोरोगाचं वर्णन वाचलं, त्यात आणि धमन्यांच्या आजारात त्यांना साम्य दिसलं, आणि त्यांनी सशांवर गुग्गुळाचे प्रयोग केले. १९६६ साली त्यांचा प्रबंध आला. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत त्यावर काम झालं आणि १९८७ पासून गुग्गुळाच्या अर्काचं औषध भारतात विकलं जाऊ लागलं. भारतातल्या त्या वेळच्या चाचण्यांत कोलेस्टेरॉल उतरलेलं दिसलं होतं. मग अमेरिकेत उलट का? आहार वेगळा, माणसं वेगळी, चाचणीची पद्धत वेगळी, अशी कारणं देणारे आहेत. मी वाद घालणारा कोण? माझ्यापुरता आकडा १८८ होता आणि अंगाला खाज सुटत होती. गोळ्या थांबवल्यावर पंधरा दिवसांत पुरळ गेलं.

गुग्गुळ सांधेदुखीला किंवा आणखी कशाला चालतो की नाही, त्याबद्दल मी इथे काही म्हणत नाही. बोलतोय ते एका आकड्याबद्दल.

लसूण, थोडक्यात

थोडक्यात सांगतो, कारण घरात हा विषय काढायला बंदी आहे. सकाळी साताऱ्यातल्या 'चार भिंती' या स्मारकाकडे फिरायला जाणारी आमची मंडळी आहे. एकाने मोबाइलवर आलेली कृती दिली: आलं, लसूण, लिंबू यांचा रस, सफरचंदाचं व्हिनेगर, सगळं आटवून त्यात मध, रोज चमचाभर उपाशीपोटी. "बायपास टळला एकाचा!" कोणाचा, ते कोणाला माहीत नव्हतं. मी काढाही घेतला आणि वर दोन कच्च्या पाकळ्याही. सहा आठवडे. छातीत जळजळ सुरू झाली तेव्हा मला वाटलं, हार्टचंच काहीतरी आहे. रात्री दोन वाजता डॉक्टरांना उठवलं. ते पित्त होतं. बायकोने अंथरूण पुढच्या खोलीत हलवलं. "अहो, गिऱ्हाईक कसं उभं राहतं तुमच्यासमोर?"

जूनमध्ये एलडीएल १८२. काढ्याआधी किती होतं? १८८. मला हे यश वाटलं. डॉक्टर म्हणाले, "काका, फेब्रुवारीत काहीच न घेता आठ दिवसांत तुमचं १८४चं १७९ झालं होतं. पाच-सहा अंक असे इकडेतिकडे हलतातच." त्यांच्या पहिल्या दिवशीच्या दुसऱ्या तपासणीचा अर्थ मला तेव्हा उमजला. नाहीतर मी लसणाची पाटी लावून मोकळा झालो असतो.

लेकीकडे इथेही माहिती होतीच. २००७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९२ जणांना सहा महिने कच्चा लसूण आणि लसणाच्या दोन प्रकारच्या गोळ्या देऊन पाहिलं, फरक पडला नाही. नंतर २०२२ मध्ये क्लीव्हलँडच्या रुग्णालयाने १९० जणांवर गोष्टींचा आणखी मोठा घोळका तपासला: माशाचं तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पतींतले स्टेरॉल आणि लाल यीस्टचा तांदूळ. एका गटाला रोसुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या डॉक्टरी औषधाची ५ मिलिग्रॅमची गोळी. २८ दिवसांत गोळीने एलडीएल सुमारे ३८ टक्के उतरवलं, बाकी सहांपैकी एकानेही रिकाम्या गोळीपेक्षा वेगळं काही केलं नाही. लसणाने तर चढवलं. मी म्हटलं, "ही चाचणी गोळीवाल्या कंपनीच्या पैशांवर झाली असणार." ती म्हणाली, "हो, झाली. आणि २८ दिवस कमीच आहेत. पण म्हणून लसूण आकडा उतरवतो असं ठरत नाही ना, बाबा?"

लसूण आता फोडणीत असतो. तिथे तो छान आहे.

दुकानातली सर्वात दुर्लक्षित बरणी

खरं तर पोतं. इसबगोल आमच्याकडे पोत्याने येतो, गुजरातमधल्या उंझ्याच्या बाजारातून फिरत फिरत. बियांवरचा पांढुरका भुसा म्हणजे सत इसबगोल. पन्नास वर्षांत आमच्या दुकानात तो एकाच कामासाठी विकला गेला, आणि तोही गिऱ्हाईक आवाज खाली करून मागतं. कोलेस्टेरॉलसाठी त्याला कोणी विचारलं नव्हतं. सुचवलं ते डॉक्टरांनीच, जुलैमध्ये. मुदत संपून दोन महिने झाले होते, मी गोळीला अजून नाहीच म्हणत होतो, तेव्हा वैतागून म्हणाले, "काही खायचंच असेल तर निदान ते खा ज्याला पुरावा आहे."

त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. लहानपणी गोटी सोडा मिळायचा, त्याच्या बाटल्या परत जायच्या. कारखाना त्याच बाटल्या धुऊन पुन्हा भरायचा, नवी काच क्वचितच घ्यावी लागायची. यकृत पित्त असंच वापरतं. पित्तातली आम्लं कोलेस्टेरॉलपासून बनतात, आतड्यात काम करतात आणि लहान आतड्याच्या शेवटी बहुतेक सगळी शोषली जाऊन यकृताकडे परत येतात. इसबगोल पोटात गेला की फुगून बुळबुळीत होतो, त्या रिकाम्या बाटल्यांतल्या काही अडकवतो आणि बाहेर घेऊन जातो. कारखान्याला नव्या बाटल्या करायला माल लागतो. मग यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेतं.

हे मला एका झटक्यात पटलं. इतकी वर्षं मी 'पोट साफ होतं' म्हणत जे विकत होतो, त्यात पोटाबरोबर आणखी काय बाहेर जातं याचा विचारच केला नव्हता.

मात्रा महत्त्वाची. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने १९९८ मध्ये इसबगोलाच्या भुशाला हृदयरोगाचा धोका कमी करण्याचा दावा लावायला परवानगी दिली, तिथे दिवसाला ७ ग्रॅम विरघळणारा तंतू, म्हणजे साधारण १० ग्रॅम भुसा, असं आहे. आपल्याकडे लोक चहाचा एक चमचा घेतात आणि म्हणतात, घेतो की इसबगोल. मी माझ्या औषधाच्या काट्यावर तोलून पाहिलं. भुसा इतका हलका की ५ ग्रॅमला मोठा टेबलचमचा चांगला भरून लागतो. सकाळी एक, रात्री जेवणाआधी एक.

पहिला आठवडा वाईट गेला. पोटात वायू धरायचा. मी उत्साहाने पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रा घेतली होती, ती चूक. अर्ध्यापासून सुरुवात करून दहा-बारा दिवसांत वाढवत नेलं असतं तर त्रास झाला नसता. दुसरी चूक म्हणजे एकदा गडबडीत कमी पाण्यात ढवळून प्यायलो, घशाशी लगदा झाला, घाबरलो. मोठा पेला भरून पाणी, ढवळल्याबरोबर पिऊन टाकायचं, वर आणखी पाणी. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा ज्यांच्या आतड्याला अडथळ्याचा इतिहास आहे, त्यांनी नादाला लागू नये. आणि दुसरी औषधं चालू असतील तर त्यांच्यात आणि इसबगोलात दोनेक तासांचं अंतर ठेवायचं, कारण बुळबुळीत भुसा औषधालाही अडकवतो. वडिलांनी हे कधी सांगितलं नव्हतं. मीही आजवर कोणा गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला: एकूण २४६, एलडीएल १६७. पंधरा अंक खाली. शेकड्याला आठ. पुस्तकात पाच ते दहा सांगतात, म्हणजे मी बरोबर पुस्तकातला माणूस निघालो. कुणाला हे किरकोळ वाटेल. मला त्या दिवशी पेढे वाटावेसे वाटले, पण कंदी पेढ्यांनीच तर हा घोळ केला होता.

ताट

मग मी अट मोडली आणि एका वेळी अनेक गोष्टी केल्या. आता थांबवत नव्हतं.

लेकीने टोरांटोच्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं होतं, डेव्हिड जेनकिन्स यांच्या गटाचा, २००३ सालचा. कमी चरबीच्या आहारात बदाम, सोयाबीन, ओट्स, जव, इसबगोल, वनस्पतींचे स्टेरॉल असं सगळं एकत्र घालून चार आठवडे दिलं. एलडीएल सुमारे २९ टक्के उतरलं, आणि त्याच प्रयोगात गोळी घेणाऱ्यांचं ३१. माझे कान टवकारले ते दुसऱ्याच तपशिलाने: त्या आहारात भेंडी आणि वांगी होती! टोरांटोच्या डॉक्टरांनी जी औषध म्हणून खायला घातली ती आमच्या घरात आठवड्यातून चारदा असतात. फक्त आमचं वांगं तेलात पोहत यायचं, वर दाण्याचं कूट आणि खोबरं.

ओट्स मला जमले नाहीत. खळ खाल्ल्यासारखं वाटतं. त्याऐवजी जव, ज्याला आपण सातूही म्हणतो, त्याचं पीठ ज्वारीत मिसळून भाकरी. चिकट तंतू ओट्ससारखाच त्यातही असतो. भाकरीला चिरा पडतात, बायको कुरकुरते. भिजवलेले बदाम मूठभर. जवसाची चटणी, ताजी कुटून. अख्खं जवस खाल्लं तर जसंच्या तसं बाहेर पडतं, हे मी गिऱ्हाइकांना पूर्वीपासून सांगतो, तेवढं एक बरोबर सांगत होतो.

पण याहून मोठं काम घालवण्यात होतं. दुपारी चारला समोरचा वडापाव. संध्याकाळी फरसाण. दिवसाला सहा कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ट्रायग्लिसराइडची बेगमी. बेकरीची खारी, जी मी 'हलकी' समजत होतो आणि जिच्या पापुद्र्यांत निम्मं डालडाच असतं. श्रावणातले उपवास तर विचारू नका. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, तळलेल्या पापड्या, आणि मनात भाव असा की आज पोटाला विश्रांती दिली. बायको म्हणाली, "अहो, रोज काय काय जास्तीचं खायचं ते विचारता, काय खायचं नाही हे कधी विचारलंत?" खणांनी भरलेल्या दुकानात वाढलेल्या माणसाला काहीतरी घेतल्याशिवाय बरं होता येतं, हेच सुचत नाही.

दसऱ्यानंतर रक्त दिलं. एकूण २२२, एचडीएल ४१, ट्रायग्लिसराइड १५०, एलडीएल १५१. वजन साडेचार किलोने कमी.

आता हे १५१ कशाने, जवाने, बदामाने, की वडापाव सुटल्याने? सांगता येणार नाही. अट मोडल्याची किंमत.

लाल तांदूळ

दिवाळीत एक ओळखीचे गृहस्थ दुकानात आले. मुलगा अमेरिकेत, त्याने पाठवलेली बाटली दाखवली. "पूर्णपणे नैसर्गिक, शेठ. माझं एकशेसाठचं एकशेपंधरावर आलं. असं काही तुम्ही ठेवा ना." बाटलीवर लाल यीस्टचा तांदूळ असं लिहिलं होतं.

माझा जीव हरखला. मला हवं होतं ते हेच: गोळी नाही आणि आकडा खाली. फोटो काढून लेकीला पाठवला. तिने लगेच फोन केला आणि जे सांगितलं ते ऐकून मी स्टूलावर बसलो.

जपानमध्ये अकिरा एंडो नावाचे शास्त्रज्ञ होते, २०२४ मध्ये नव्वदाव्या वर्षी वारले. कोलेस्टेरॉल तयार होण्याची प्रक्रिया रोखणारं काहीतरी बुरशीत सापडेल, या भरवशावर त्यांनी सहा हजारांवर बुरशा तपासल्या. १९७३ मध्ये सापडलं, एका निळसर-हिरव्या बुरशीत. ती बुरशी आली होती क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरून. तिथून कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांचं स्टॅटिन नावाचं घराणं सुरू झालं. पुढे १९७९ मध्ये त्याच एंडोंना दुसऱ्या एका बुरशीत, जी लाल तांदळाच्या आंबवणीची बुरशी, मोनाकोलिन के सापडलं. तेच द्रव्य अमेरिकेत एका वेगळ्या बुरशीतून मिळालं आणि १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिन या नावाने औषध म्हणून बाजारात आलं.

म्हणजे त्या गृहस्थांच्या नैसर्गिक बाटलीत, जर काही काम करत असेल, तर ती डॉक्टरांचीच गोळी होती.

"फरक एवढाच," ती म्हणाली, "की गोळीत किती आहे ते लिहिलेलं असतं. तांदळाच्या बाटलीत कधी भरपूर असतं, कधी नावालाही नसतं, आणि आंबवताना बिघडलं तर मूत्रपिंडाला घातक असं एक विष तयार होऊ शकतं." २०२२च्या त्या चाचणीत लाल तांदूळ का चालला नाही आणि या गृहस्थांना का चालला, याचा उलगडा यात असावा असं मला वाटतं.

त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. धान्याचं दुकान. आमच्याकडे पावसाळ्यात मालाला बुरी लागली की आम्ही गडी लावून पोतं उकिरड्यावर टाकतो. 'रसायन नको, निसर्गातलं द्या' असं म्हणणाऱ्यांना मी तीस वर्षं विकत आलो, त्याला दुजोरा देत आलो. आणि ज्याला मी रसायन म्हणून नाही म्हणत होतो त्याचा पूर्वज एका वाण्याच्या तांदळावर उगवला होता. लेकीने पुढे हेही सांगितलं की मला मिळणार होती ती रोसुव्हास्टॅटिनची गोळी मात्र पूर्णपणे कारखान्यात घडवलेली आहे, तिच्यात बुरशीचा अंशही नाही. "तेव्हा बाबा, ती नैसर्गिक आहे अशी समजूत घालून घेऊन खाऊ नका. चालते म्हणून खा."

डिसेंबरमध्ये डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी तीन महिन्यांचे दहा झाले याबद्दल दोन शब्द सुनावले, ते इथे लिहीत नाही. १५१ पाहून खूश झाले, पण म्हणाले वडिलांचा इतिहास आणि कमी एचडीएल धरता मला शंभराच्या आत हवंय. रोसुव्हास्टॅटिन, ५ मिलिग्रॅम, रात्री एक. इसबगोल आणि ताट चालू ठेवायचं, "तुम्ही मेहनत केलीत म्हणून छोट्या गोळीवर भागतंय."

तिसऱ्या दिवशी मांड्या दुखायला लागल्या. मी वाटच पाहत होतो; स्टॅटिनने स्नायू दुखतात हे फिरायला येणाऱ्या प्रत्येकाने सांगून ठेवलं होतं. लेकीने विचारलं, "काल काय केलंत?" काल मी हिरड्याची सहा पोती एकट्याने आत ओढली होती. मग तिने लंडनचा एक प्रयोग सांगितला, गोळी सोडून दिलेल्या साठ जणांना काही महिने गोळी, काही महिने रिकामी गोळी, काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. रिकाम्या गोळीवरही त्यांना जवळजवळ तेवढाच त्रास झाला. काहींना खरोखर स्नायूंचा त्रास होतो, त्यांनी डॉक्टरांना सांगायलाच हवं, हेही ती म्हणाली. मी आठवडाभर पोती उचलली नाहीत. दुखणं गेलं.

जानेवारीअखेर: एकूण १६५, एचडीएल ४३, ट्रायग्लिसराइड १३०, एलडीएल ९६. यकृत ठीक.

दुकान चालूच आहे. अर्जुनसाल, गुग्गुळ, सगळं विकतो. वैद्य लिहून देतात, लोक नेतात. फक्त कोलेस्टेरॉलचं नाव काढलं की मी आधी रिपोर्ट मागतो, कुठलं औषध चालू आहे ते विचारतो आणि इसबगोलाकडे बोट दाखवतो. धंद्याचं म्हणाल तर इसबगोलात सुटतं काय?

मागच्या आठवड्यात एक जुने मास्तर आले. गुग्गुळ मागितला, कशाला ते विचारलं तर कोलेस्टेरॉल. एलडीएल १७२. मी माझी दहा महिन्यांची कथा सांगितली, डॉक्टरांना भेटा म्हटलं, इसबगोलाची पुडी बांधून दिली, कसा घ्यायचा ते दोनदा सांगितलं. मास्तरांनी मान डोलावली, पैसे दिले, पुडी पिशवीत टाकली.

दहा मिनिटांनी परत आले. हातात दुसरी पुडी. पलीकडच्या गल्लीतल्या दुकानातून गुग्गुळ आणला होता. "जरा बघता का, अस्सल आहे ना? तुमच्याइतकी पारख कोणाला नाही."

चहावाल्या पोराकडून गरम पाण्याचा पेला मागवला. एक खडा घेतला, वास घेतला, पाण्यात टाकला. हळूहळू पाणी दुधासारखं पांढरं होत गेलं. तळाला वाळूचा कणही बसला नाही.

"मास्तर," मी म्हटलं, "माल चोख आहे."